मधल्या पट्टीतली लिंबं

लढाईनं उत्तर-दक्षिण दुभंगलेल्या या बेटावर दुर्सून आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बाप तुर्कस्तानातून बोटीनं उत्तरेच्या बंदरात उतरला, पोरगा त्याच्या मागून. दक्षिणेच्या लेखी ते बंदर बंद. त्या दारानं आलेल्याला तिकडं पाऊल टाकता येत नाही. दुर्सूनचे केस पांढरे झाले, नियम काही म्हातारा झाला नाही.

बायको एमेते मात्र दक्षिणेत जन्मलेली; तिला मुभा होती. दर वर्षी उन्हाळा कलला की लिंबांची टोपली घेऊन ती निकोसियाच्या नाक्यावरून पलीकडं जाई, आईच्या कबरीवर पाणी घाली. दुर्सून अलीकडच्या बाकावर बसून वाट बघे. परतली की म्हणे, "माहेरचं अंजीर अजून उभं आहे हो!" ते अंजीर एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची जन्माची हौस.

गेल्या हिवाळ्यात एमेते वारली. यंदा तो एकटाच बाजारात गेला, लिंबं घेतली आणि तिचीच टोपली घेऊन नाक्यावर आला.

"काका, तिकडं सोडणार नाहीत," उत्तरेचा पोलीस म्हणाला.

"फार तर नाही म्हणतील. त्याची सवय आहे मला."

दोन नाक्यांमधली पट्टी कुणाचीच नाही. ती ओलांडून तो दक्षिणेच्या खिडकीशी पोचला. आतल्या तरुणानं मोडक्या तुर्कीत विचारलं, "कुठल्या बंदरात उतरला होता, काका?"

"विसरलो बघ."

"मीही विसरलो असतो. पण साहेब मागंच बसलेत." त्यानं कागद हळूच परत सरकवले.

दुर्सून वळला, तोच मागून हाक आली. "अरे, ही तर एमेतेची टोपली!"

काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दक्षिणेकडून लगबगीनं येत होती. फ्रोसू, एमेतेची बालमैत्रीण. ती लग्न होऊन उत्तरेत कारावा गावी गेली आणि लढाईत घर सोडून दक्षिणेत पळाली. "माझ्याच घरी जायला कागद दाखवू? मेले तरी नाही!" म्हणायची. म्हणून दर वर्षी एमेतेला भेटायला ती या पट्टीपर्यंतच येई.

"एमेते कुठंय?" लहानपणी एमेतेकडून शिकलेल्या तुर्कीत तिनं विचारलं.

दुर्सूननं तळहात जमिनीकडं केला. फ्रोसू रस्त्याच्या कडेला मटकन बसली. हातभर अंतर सोडून तोही बसला. तिनं टोपलीतलं एक लिंबू उचलून हुंगलं.

"माझ्या अंगणातलं. दर वर्षी आणायची. झाडं बरी आहेत ना रे?"

दुर्सून टोपलीतली लिंबं चाळवत राहिला. तिच्या अंगणावरून तो रोज जातो. झाडं कधीच तोडली, तिथं आता हॉटेल आहे.

"बरी आहेत," शेवटी तो म्हणाला. "यंदा फांद्यांना टेकू द्यावे लागले."

तिनं मान हलवली. मग त्यानं भीत भीत विचारलं, "आणि तिच्या माहेरचं अंजीर?"

फ्रोसू त्याच्याकडं बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

"आहे की. फळांनी वाकलंय."

ती थांबली ते त्याला ओळखू आलं. आत्ताच तोही तसाच थांबला होता. त्यानं टोपली तिच्या मांडीवर ठेवली आणि उत्तरेकडं चालू लागला.

संध्याकाळ होईपर्यंत तो नेहमीच्या बाकावर बसून राहिला.