सासूबाईंचं वसकन

कुत्रं वसकन अंगावर येतं आणि आमच्या सासूबाई वसकन बोलतात. वाईट शब्द आहे, कबूल. गुरगुरणं, दात, झडप, सगळं त्यात आलं. मी कथा लिहिते आणि माझ्या कथांतल्या खाष्ट बायका कायम वसकनच बोलतात; कारण लग्न होऊन पुण्याहून कुंभकोणमला आले, त्या पहिल्याच दिवशी मला त्याचा अर्थ कळला. मी सार वाढलं, तर सासूबाई वसकन म्हणाल्या, "हे सार की हात धुवायचं पाणी?"

घरात त्यांचं जुनं तंजावरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. तमिळमधल्या सासूबाई म्हणजे नुसती साखर हो! दारासुरमहून साड्या दाखवायला विणकर आला की "वांगो, उक्कारुंगो", म्हणजे या, बसा. वसकन फक्त आम्हाला, मराठीत. मला असा राग यायचा! परक्यांना मध आणि घरच्यांना मिरची, हा कुठला न्याय?

यंदा त्या न्हाणीघरात पडल्या, डोक्याला मार लागला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्यांची उशी सरळ करत होते, तर माझ्याकडे बघून गोड हसल्या. "वांगो, उक्कारुंगो," म्हणाल्या. पोटच्या लेकालाही तेच. डॉक्टर म्हणाले, ओळख येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार. मुद्दाम पाणचट सार केलं, तरी म्हणे "रोंब नल्लारुक्कु", फार छान आहे. अहो अम्मा, शिव्या घाला हवं तर, पण हे पाहुण्यांचं कौतुक नको!

निदान कानावर मराठी पडू दे, म्हणून मी दुपारची त्यांच्या खाटेशी बसून माझंच लिखाण मोठ्याने वाचायला लागले. त्या छताकडे बघत पडून राहायच्या. मीही हट्टाने वाचत राहायचे. एक दिवस तीच पहिल्या दिवसाची, साराची गोष्ट काढली. वाचता वाचता तो शब्द समोर आला आणि जीभच रेटेना. इतक्या थकलेल्या, गोड हसणाऱ्या माणसाला कुत्र्याचा शब्द कसा लावायचा? मी तिथल्या तिथे बदलून टाकला. वाचलं, "सासूबाई हळुवारपणे म्हणाल्या…"

"कोण हळुवार? मी?"

मराठीत. वसकन.

माझ्या हातातले कागद खाली पडले. त्यांचे पाय धरून मी हमसाहमशी रडायला लागले.

"खोटं कशाला लिहितेस? आणि आता रडतेस काय? पाण्यासारखं सार केलं होतंस, बोलू नको तर काय करू!"

आवाज चिरका होता, कपाळावर ती ठेवणीतली आठी होती, आणि मी त्यांची कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.