पेवात उतरले तो दिवस

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माझं सासर जवळा बाजारपासून दोन कोसांवर. बहात्तरच्या दुष्काळात घरातली ज्वारी संपली आणि पेव उघडायची वेळ आली. माहेरी आमच्याकडे कणगी होती; पेव मी सासरीच पाहिलं. जमिनीत दोन पुरुष खोल खणलेलं, गळा अरुंद आणि पोट रुंद, रांजणासारखं. वर फरशी आणि तिच्यावर माती.

फरशी सरकवली तशी आतून कोमट, आंबूस वाफ आली.

"तोंड फिरव," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "कोंडलेली हवा माणूस मारती. कंदील सोडून बघायचा. इझला तर उतरायचं न्हाई."

पहिल्या दिवशी कंदील विझला. दुसऱ्या दिवशी तेवत राहिला. दोर तोकडा पडला होता आणि कंदील निम्म्यावरच लोंबत होता, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही. सासरे, मोठे दीर आणि माझा नवरा दुष्काळी तलावाच्या कामावर गेलेले; चार दिवस तरी येणार नव्हते. लेकरांना आदल्या दिवसापासून नुसती भाजी उकडून घालत होतो.

दुपारी माणूस पेलेल असा विहिरीचा जाड दोर आणून जाऊबाई उतरल्या. खाली गेल्यावर त्यांनी कमरेचा दोर सोडून टोपलीला बांधला. पहिली टोपली वर आली, दुसरी आली. तिसरी सोडली, तर दोर सैलच राहिला.

"बाई," मी हाक मारली. "ओ बाई!"

वाकून पाहिलं. अंधारात लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. हलत नव्हता.

मी ओरडले तशा शेजारच्या बाया धावत आल्या. एकीने तर पाय आत सोडलासुद्धा. तेवढ्यात विहिरी खोदणारा एक म्हातारा आला आणि त्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"येकीमागं येक मराल समद्या! लिंबाचा डहाळा आणा."

डहाळा दोराला बांधून तो भराभर खाली-वर करू लागला. आतली हवा हलली पाहिजे, म्हणाला. थोड्या वेळाने थांबला.

"आता थांबून भागायचं न्हाई. म्या उतरलो तर वरून वढील कोण? अंगानं हलकं माणूस पायजे."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

मला जायचं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मनात एकच येत होतं, की उठावं आणि माहेरची वाट धरावी. जाऊबाईंची धाकटी पोरगी माझा पदर धरून उभी होती.

"काकू, आई काहून बोलून न्हाई राहिली?"

मी कासोटा घातला. म्हाताऱ्याने एक दोर माझ्या कमरेला बांधला आणि दुसऱ्याचा फास करून हातात दिला. "तिच्या काखंतून घाल. श्वास घेऊ नको, पोरी. कायबी झालं तरी घेऊ नको. म्या वीस मोजीन. विसाला तुला वढणार."

छाती भरून घेतली आणि पेवाच्या गळ्यातून खाली गेले. दोन्ही खांदे मातीला घासले. पाय ज्वारीत गुडघ्यापर्यंत रुतले. डोळे झोंबत होते. वरून मोजल्याचा आवाज येत होता, पण फार लांबून. जाऊबाई कुशीवर पडल्या होत्या. एक हात फासातून गेला. दुसरा अंगाखाली अडकलेला. तो ओढता ओढता माझा श्वास सुटला. नवा अर्धाच आत गेला असेल, पण नाकाघशात आग झाली आणि डोळ्यांपुढे काळं आलं. हात फासातून गेला की नाही, मला कळलं नाही. मी दोर हिसडला.

उजेडात आले तेव्हा कुणीतरी पाठीवर थापट्या मारत होतं. मागोमाग जाऊबाईंना वर घेतलं. पेवाच्या गळ्यात त्यांचे खांदे अडकले, तेव्हा सगळ्या बाया रडू लागल्या. म्हातारा शिव्या देत ओढत राहिला. जाऊबाईंचे ओठ निळे पडले होते. सावलीत पालथं घालून तो पाठ दाबत होता. मग त्या खोकल्या, आणि ओकल्या.

दिवस मावळता त्यांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "टोपली भरली व्हती का?"

डोकं धरून त्या तीन दिवस पडून होत्या. सासरे आल्यावर कंदील पार तळापर्यंत सोडून, तो तेवत राहीपर्यंत दोन दिवस वाट पाहून पुरुषांनी उरलेली ज्वारी काढली आणि पेव दगडमातीने बुजवलं. जाऊबाई त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून पहिली भाकरी मला वाढू लागल्या.

गाव मला धीराची म्हणू लागलं. मी मात्र पुढे कित्येक वर्षं दळायला बसले की दार उघडं ठेवायचे, थंडीच्या दिवसांतसुद्धा.