विहिरीच्या फोटोतला हात

धायरीच्या एका निवृत्त सरांचं पुस्तक आमच्या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात कायमचं ठेवायचं होतं. पुण्याभोवतीच्या गावांतल्या जुन्या विहिरींवरचं पुस्तक. मजकूर त्यांचा, फोटोही त्यांनीच काढलेले. त्यातल्या बऱ्याच विहिरी आता बुजल्यात आणि सरांची दृष्टीही गेली आहे. म्हणून त्यांची अट होती: त्यांच्या कॉम्प्युटरवरचं मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ते स्वतः फाइल ऐकणार. पटली तरच संमतीपत्रावर सही.

पानं जुळवायचं काम माझं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पान आधी दिसत नाही. इथे शीर्षक, इथे तळटीप, इथे चित्र, अशा आज्ञा लिहायच्या. मग ते पान रचून देतं. कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला बरं वाटतं. कायम टिकवायच्या फाइलचे नियम मात्र कडक. सगळे फाँट तिच्या पोटातच हवेत, बाहेर काही मागायला जायचं नाही. आणि प्रत्येक चित्रामागे, पानावर न दिसणारं, त्याचं शब्दांतलं वर्णन हवं. तपासणारं सॉफ्टवेअर ते आहे की नाही एवढंच बघतं, कसं आहे ते बघत नाही. मी फोटोखालच्या ओळीच तिथे पुन्हा टाकल्या. फाइल पास झाली.

स्वारगेटहून बसनं मी ती सरांकडे घेऊन गेले. आवाज इतका भरभर वाचत होता की मला निम्मं कळेना. सर मात्र आरामात मान हलवत होते. पहिला फोटो आला. "गावाबाहेरची विहीर, पायऱ्यांची बाजू," आवाज म्हणाला. आणि लगेच, "गावाबाहेरची विहीर, पायऱ्यांची बाजू."

सरांनी तो थांबवला. "दोनदा सांगितल्यानं विहीर खोल होत नाही."

मी फोटोखालची ओळ पुन्हा वाचली.

"फोटोत काय आहे?"

"विहीर आहे, सर."

"अहो, ती मीच टिपलीय. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा."

कुणी ऐकतंय म्हटलं की मला शब्द आधी इंग्रजीत सुचतात. शाळेची सवय. पण सरांना माझा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे थोडं सोपं गेलं. मी स्क्रीनवर वाकले.

"पायऱ्या डावीकडून उतरतात. खालच्या काळ्या दिसतायत, ओल्या असाव्यात. आणि उजव्या कडेला एक हात आहे."

"हात?"

"कोपरापुढचा. बांगड्या आहेत. बाकी बाई फोटोबाहेर. हातात दोर आहे."

सर सरळ बसले. "मी दगड बघत होतो. हात कधी दिसलाच नाही."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "माझा तर नाही ना? छे. मला कधी नेलंत विहिरी दाखवायला?"

"तूच म्हणायचीस, उन्हात कोण येतंय."

"एकदा म्हटलं असेन. तेवढं बरं लक्षात राहिलं. चहा घे गं, गार होतोय."

सरांना चहा ऐकूच गेला नाही. "दोर ताणलेला आहे की सैल?"

मी फोटो मोठा केला. "ताणलेला."

"म्हणजे ती पाणी ओढतेय. आणि मी लिहिलंय, विहीर तेव्हाच पडीक होती." त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. "हे असंच कायमचं राहिलं असतं?"

"हो, सर. एकदा संग्रहात गेली की फाइल बदलता येत नाही."

"मग आधी ते वाक्य काढा."

मी लॅपटॉप उघडून ते खोडलं. फोटोचं वर्णन नव्यानं लिहिलं. हात, बांगड्या, ताणलेला दोर. संमतीपत्र पिशवीतून काढावं की नाही, ते कळेना.

"सहीचं, सर...?"

"करणार आहे हो. पण अजून कुठे कुठे चुकलोय ते कळू दे." त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवली. "दुसरा फोटो. कडेपासून सुरू करा."