दातांची सावली

माझी मावशी एक्स-रे काढते. तीस वर्षं त्या अर्ध्या अंधाराच्या खोलीत काढून ती स्वतःही अर्धी स्वप्नातच असते. भाजी आणायला पाठवली, तर हात हलवत परत येते. पण कुणी मान दुखते म्हणत आलं, की ती आधी त्याचे हात बघते. मान अगदी वर, कवटीपाशी मोडली असेल, तर कधीकधी माणूस नकळत स्वतःचं डोकं हातांत धरून येतो.

त्या दुपारी काका, म्हणजे तिचे यजमान, तसेच आले. रंगकाम करताना शिडीवरून पडले होते आणि हनुवटी ओंजळीत धरून चालत आले होते.

"जरा मुरगळलीय गं," ते म्हणाले.

मी त्याच दवाखान्यात नोंदणीला असते. मी केसपेपर लिहायला लागले, पण मावशीने त्यांना बोलूही दिलं नाही. आम्ही त्यांना अलगद आडवं केलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. डॉक्टरांनी हातापायांची ताकद पाहिली, टाचणी टोचून पाहिली. सगळं ठीक होतं. मानेमागे, अगदी वर बोट टेकवलं तेव्हा मात्र काकांनी डोळे मिटून घेतले.

मानेचं दुसरं हाड उघड्या तोंडातून टिपावं लागतं. फोटोच्या दुधाळ उजेडात त्या हाडाची छोटीशी खुंटी दिसली. तिच्या बुडाशी आडवी रेघ होती.

"दातांची सावली असेल," डॉक्टर म्हणाले.

पुष्कळदा असतेही. मावशीनेही एकदा एका बाईची रेघ सावली समजून सोडून दिली होती. ती बाई पुन्हा आली, तेव्हा तिला पाण्याचा पेलाही धरता येत नव्हता.

"डोकं हलवायचं नाही. मी नळी हलवते," मावशी म्हणाली. किरणं सोडणारी नळी तिरकी केली की दातांची सावली सरकते, मोडलेलं हाड सरकत नाही. मी दाराशी उभी राहून देवाला विनवत होते, सरकू दे.

"अहो, आ करा. घोरताना करता तसा."

दातांची कड सरकली. रेघ तिथेच राहिली.

कुणीतरी मानेचा पट्टा आणायला धावलं. मावशीने काकांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. यंत्र मंद गुणगुणत होतं.

"मोडलंय?" काकांनी विचारलं.

"हो. पण सांभाळून आणलंत."

पट्टा बांधून झाला, तरी तिचे हात सुटेनात.

"जन्मभर लोकांची डोकी धरली," ती मला म्हणाली. "वजन आज कळलं."