गार दिव्याची पाच रीडिंगं

खोटं पकडण्याची जी काही यंत्रं जगात असतील ती असोत, त्यांतलं सर्वांत अचूक यंत्र आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये खाकी शर्ट घालून, दाराजवळच्या स्टुलावर बसून, बीकरमधून चहा पीत असे. त्याला कधी दुरुस्ती लागली नाही, आणि त्याच्यासमोर उभं राहून कुणाला धड खोटं बोलता आल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. लॅबमध्ये सामान मांडणाऱ्या, पुसणाऱ्या, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला सगळ्याच कॉलेजांत मामा म्हणतात. पण आमच्याकडे प्राचार्य बदलले, विभागप्रमुख बदलले, अभ्यासक्रम तर पुस्तकं जुनी व्हायच्या आत बदलला. मामा मात्र त्याच स्टुलावर राहिले. शिक्षण दहावी, तेही गणितात दोनदा अडकून. गाव गोदावरीकाठचं पुणतांबा. शर्टाच्या वरच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, जसं इतरांच्या खिशात पेन असतं. ती पट्टी कशाला लागेल याचा नेम नसे. कँटीनमधला वडा लहान झालाय असा संशय आला की मामा वादात पडत नसत, पट्टी काढत. कँटीनवाला त्यांना घाबरून होता. त्यांचा चहाचा बीकर वेगळा, लाल रंगाची खूण केलेला. "चाळीस मिली," असं ते सांगायचे आणि रेघेला डोळा समांतर आणून बघायचे. बेचाळीस झाला तरी चालायचं नाही. "दोन काढ. उद्या अडोतीस देशील अन् म्हनशील हिशोब फिटला."

आमच्या कॉलेजात विज्ञान शिकवण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिली विभागप्रमुख सरांची. सर फळ्यावर सूत्र लिहीत, त्याखाली उत्तर लिहीत, "आन्सर शुड बी धिस," असं म्हणत आणि स्टाफरूमकडे जात. उत्तर आधीच हातात असल्यावर रीडिंग घेण्याचा त्रास कोण करणार? आम्ही उत्तराकडून मागे मागे चालत यायचो, वाटेत लागतील ते आकडे जर्नलमध्ये लिहायचो, आणि शेवटी एखाद्या आकड्यात दशांशाचा थोडा फरक ठेवायचो, म्हणजे ते खरं वाटायचं. दुसरी पद्धत मामांची. मामांना सूत्र येत नव्हतं आणि जर्नलमधलं इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते दिव्याला हात लावायचे. भिंगाच्या प्रयोगात दिवा लावावा लागतो, आणि पाच रीडिंगं होईपर्यंत त्याचं पत्र्याचं घर चांगलं तापतं. "दिवा गार हाय अन् पाच रीडिंगं?" असं मामा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. वजनांच्या पेटीत बोट फिरवून धूळ दाखवायचे: "पन्नास ग्रॅम दिवाळीपासनं जागचं हाललं न्हाई. मग ह्यानं तोललं काय, हवा?" बनवलेल्या रीडिंगला ते 'गुळगुळीत' म्हणायचे. खरं रीडिंग त्यांच्या मते जरा खडबडीत असतं, हाताला लागतं.

आणि खऱ्या रीडिंगचा त्यांना किती कळवळा! लॅबच्या खिडकीखालून कारखान्याचा रस्ता जातो. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसभर जात, आणि प्रत्येकावर गाणी. ट्रॅक्टर आला की तराजूचा काटा थरथरायला लागे. मग मामा हात वर करायचे, वर्गभर सगळे श्वास रोखून उभे, ट्रॉली वळणापार जायची, आणि मामा हात खाली करायचे: "हं. आता घ्या." एकदा तारेच्या कंपनाचा प्रयोग चालला होता. त्यात ताणलेल्या तारेवर कागदाची इवलीशी घडी ठेवायची, आणि तारेचा सूर शेजारच्या ट्यूनिंग फोर्कच्या सुराशी जुळला की ती घडी आपोआप उडून पडते. त्या दिवशी खालून एक ट्रॉली इतक्या जोरात गाणं लावून गेली की सहाही टेबलांवरच्या घड्या एकदम उडाल्या. "आलं रीडिंग!" म्हणून एकजण नाचायला लागला. मामा शांतपणे म्हणाले, "ते तुझं न्हाई. ट्रॉलीवाल्याचं हाय. पळत जा अन् त्याला जर्नल देऊन ये."

मी इंग्रजी माध्यमातली. नगरच्या शाळेत दहावीपर्यंत माझं तोंडी उत्तर कधी चुकल्याचं मला आठवत नाही, कारण पूर्ण खात्री असल्याशिवाय मी तोंडच उघडलं नाही, आणि पूर्ण खात्री मला फार क्वचित असे. वडिलांची बदली झाली म्हणून या कॉलेजात आले. पहिल्याच महिन्यात मी एक जर्नल लिहिलं, इतकं देखणं की सरांनी ते वर्गात फिरवलं. फिरत फिरत ते मामांपाशी गेलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, उठले, माझ्या टेबलावरच्या दिव्याला हात लावला आणि माझ्याजवळ आले. माझे कान तापले. पण माझ्या वेळी ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "पोरी, अक्षर लई झ्याक हाय. दिवा कधी लावलास?"

मी म्हणाले, "सॉरी."

"मला कशाला सॉरी? ह्याला म्हन," असं म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "जा खिडकीसमोर. झाड उतरव."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनीच दाखवलं. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे एक मोठा कडुनिंब होता. मामांनी भिंग त्याच्याकडे धरलं, मागे एक कोरा कागद धरला आणि कागद हळूहळू मागेपुढे केला. आधी नुसता हिरवट डाग. मग एकाएकी, अंगठ्याच्या नखाएवढा, पान न् पान असलेला, खाली डोकं वर पाय केलेला कडुनिंब कागदावर येऊन लटकला. त्याची पानं हलत होती. खालच्या, म्हणजे वरच्या, रस्त्यावरून एक सायकल उलटी चालली होती. भिंगाची फोकल लेंग्थ मी तोवर शंभरदा लिहिली असेल, तीन व्याख्यांसकट. ती म्हणजे या कागदापासून त्या भिंगापर्यंतचं हे एवढं अंतर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी खिशातली पट्टी काढली. "आता मोज. झाड खोटं बोलत न्हाई."

त्यानंतर मी दर बुधवारी दुपारी झाड उतरवत असे. बोलणं मात्र मला तरीही जमेना. पहिल्या सेमिस्टरला तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सात प्रश्न विचारले. सातही येत होते, आणि मी सातही वेळा टेबलाकडे बघत राहिले. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. घरी वडील रागावले नाहीत, त्यांनी फक्त ठरवून टाकलं: उन्हाळ्यातल्या परीक्षेत सुटलीस तर पुढे शिक, नाही तर काकांच्या टाइल्सच्या शोरूममध्ये बस. दिवसभर अनोळखी माणसांशी हसून बोलायचं, बाथरूमला कोणता रंग शोभेल ते सांगायचं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा बीकर खाली ठेवला. मग म्हणाले, "तू टाइल दाखवनार? गिऱ्हाईक वाट बघून भिंत तशीच ठिवंल." मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. "बोलायचं न्हाई जमत तर नगं बोलू," ते म्हणाले. "दाखव. दाखवाया तोंड लागत न्हाई."

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उचलली तर भिंगच. मला इतका आनंद झाला की चिठ्ठी दोनदा वाचली. टेबलावर दिवा, पडदा, आणि स्टँडवर भिंग. स्टँडवर पांढरं लेबल: पंधरा सेंटिमीटर. मी दिवा लावला, पडदा सरकवला, आकडे घेतले, गणित केलं. उत्तर आलं वीस पूर्णांक एक. पुन्हा घेतलं. एकोणीस पूर्णांक आठ. तिसऱ्यांदा वीस पूर्णांक तीन. लेबल पंधराच म्हणत होतं. पंधराकडून मागे चालत यायला मला पाच मिनिटं पुरली असती; त्या कामात माझ्याइतकी तरबेज वर्गात कुणी नव्हती. पेन्सिल हातात होती, खोडरबर समोर होता, आणि डोळ्यांपुढे टाइल्सची भिंत होती.

परीक्षेत मामांना मुलांशी बोलायची बंदी असते. ते पाण्याचा जग घेऊन माझ्या टेबलामागून गेले. थांबले नाहीत. जाता जाता दिव्याच्या घरावर क्षणभर हात ठेवला, चटका बसल्यासारखा उचलला, आणि सरळ जाऊन समोरच्या खिडकीची बंद फळी उघडली.

"काय करताय?" बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

"उकडतंय, साहेब," मामा म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन बसले.

खिडकीत कडुनिंब उभा होता. मी खोडरबर पेटीत ठेवला आणि उत्तरपत्रिकेवर लिहिलं: वीस.

परीक्षक आले. चष्मा वर करून त्यांनी आधी उत्तर बघितलं, मग लेबल. "लेबल फिफ्टीन म्हणतंय. हे काय आहे?" मी टेबलाकडे बघायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं. विभागप्रमुख सरही येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शाय आहे सर, मागच्या वेळीही असंच." ते 'असंच' माझ्या वर्मी बसलं. मला अजून कळत नाही की मी त्या क्षणी इंग्रजी का विसरले. मी म्हणाले, "सर, झाड उतरवू का?"

"काय?"

मी स्टँडवरून भिंग काढलं, खिडकीसमोर गेले, मागे उत्तरपत्रिकेचाच कोरा भाग धरला. कागद मागेपुढे केला, आधी नुसता हिरवट डाग आला. मग कडुनिंब उतरला. परीक्षक वाकून बघायला लागले. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "अरे, गाडी चाललीये बघा, उलटी!" ते सरांना म्हणाले. मी मानेनेच टेबलावरची फूटपट्टी दाखवली. त्यांनी स्वतः मोजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. वीस.

त्यानंतर जे झालं ते मी टेबलाआडून बघितलं. परीक्षकांनी सकाळच्या उत्तरपत्रिका मागवल्या. हेच भिंग तिघांच्या वाट्याला आलं होतं. तिघांची उत्तरं: पंधरा पूर्णांक एक, चौदा पूर्णांक नऊ, आणि एकाचं, अगदी धाडसाने, नेमकं पंधरा. सर कपाटाकडे बघायला लागले.

"मामा, हे लेबल कुणी लावलं?"

"आमी दहावी, साहेब," मामा उभे राहून म्हणाले. "आमचं काम पुसायचं."

मला वाटलं आता त्या तिघांचं काही खरं नाही. पण परीक्षक हसायला लागले, आधी नाकातल्या नाकात, मग मोकळेपणाने. "बोलवा त्यांना परत," ते म्हणाले. "दिवा लावू द्या." तिघे आले, चौथ्यांदा विचारल्यावर दिव्याचं बटण कुठे आहे ते त्यांना सापडलं, आणि संध्याकाळपर्यंत तेही सुटले. मला परीक्षकांनी पुढे एकच प्रश्न विचारला, झाड उलटं का दिसतं, आणि मी चक्क सांगितलं, किरणांची आकृती काढून, आवाज काढून. घरी येताना एसटीच्या खिडकीतून सगळी सरळ झाडं मागे पळत होती आणि मी प्रत्येकाकडे बघून हसत होते. त्या रात्री वडिलांनी काकांना फोन करून सांगितलं की शोरूमसाठी दुसरं कुणीतरी बघा. मी इतकी गाढ झोपले की सकाळी आईने कपाळाला हात लावून बघितला.

आता मी नगरच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्ग सुरू झाला की पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाही. खिडकीबाहेर एक बदामाचं झाड आहे, ते उतरवतो. मध्ये, मामा निवृत्त व्हायच्या आधी, कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा गेले होते. तोवर तिथे आकडे दाखवणारी नवी उपकरणं आली होती, ट्रॉली गेली तरी त्यांचा आकडा हलत नव्हता. जुन्या कपाटात ते भिंग मात्र होतं, त्याच स्टँडवर. लेबल पंधराच. मी नखाने त्याची कड उचलून बघितली. खाली आणखी एक लेबल, त्याखाली आणखी एक, सगळ्यांवर पंधरा, सगळ्यात वरचा डिंक ताजा. चुकून लागलेलं लेबल कुणी दरवर्षी नव्याने चिकटवत नाही. मी ते दाबून होतं तसं बसवलं.

मामा निवृत्त होऊन पुणतांब्याला राहतात. परवा फोन केला तर कळलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी घाबरूनच विचारलं, "कसं दिसतंय मामा?"

"झ्याक. डाक्तरनं आत भिंगच बसवलंय. नंबरचा कागद बी दिलाय संगट."

"मग बरोबर आहे का नंबर?"

"कागद ठिवला ट्रंकंत. मी अंगनात बसलोय, झाड बघतोय."

मग मी धीर करून लेबलाचं विचारलं. इतक्या वर्षांनी. पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. चाळीस मिलीतलाच असणार.

"तू मोजलं हुतंस ना?" मामा म्हणाले.

"हो."

"मग झालं की."

मग मी विचारलं, झाड सरळ दिसतंय ना.

"व्हय. पान न् पान दिसतंय. सरळ," ते म्हणाले, आणि जरा थांबून, हळूच: "उलटं लई ग्वाड दिसायचं पर, न्हाई?"