घट बसलेल्या खोलीचा ताबा

कोर्टात बेलिफाची नोकरी करताना मी काही नियम कधी मोडले नाहीत. ज्याच्या दारी वॉरंट न्यायचं त्याच्याकडचं पाणीही प्यायचं नाही, आणि दावा जिंकलेल्याकडचं तर नाहीच. भाकर आणि पाण्याची बाटली आपली. घरात शिरायचं ते दिवस उगवल्यावर, निघायचं मावळायच्या आत. खोलीचा ताबा द्यायचा तर आधी टेप लावायची. निकालातली लांबी-रुंदी जागेवर भरली नाही, तर तिथली एक सांडशीही हलवायची नाही.

मलकापूरच्या अलीकडच्या एका गावात असंच ताबा वॉरंट घेऊन गेलो. दोघा भावांच्या वाटणीत मागची खोली धाकट्याच्या हिश्शाला आली होती. थोरला वारला, पण त्याची बायको तिथेच राहत होती. निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. बाई साठीच्या पुढची. एकुलती लेक मलकापुरात दिलेली, आता तिच्याकडेच जायचं ठरलं होतं. बोचकी बांधून ती दाराशी बसली होती. दिवस नवरात्राचे होते.

खोली मोजली, बरोबर भरली. दिराने आणलेले दोघे मजूर सामान ओसरीवर काढू लागले. मी पंचांसमोर एकेक वस्तू लिहून घेत होतो. कोपऱ्यापाशी मजूर थांबले. तिथे घट बसवलेला होता. पत्रावळीवरच्या मातीत गहू बोटभर उगवले होते आणि बाजूला दिवा तेवत होता.

"काऊन थांबले बे?" दिराने विचारलं.

"घट हाये, मालक. आमी नाई हात लावत."

"मंग वैनी उचलतीन."

"बसला घट दसऱ्याच्या आत कोनी हालवते काय, भाऊजी?" बाई जागेवरूनच म्हणाली. "आन् नेऊ कुठी? जावयाचं कुळदैवत येगळं. त्याच्या घरी तुमची देवी कशी बसन?"

"माही देवी?"

"मंग कोनाची? थोरल्याच्या घरी बसते म्हनून तुमी कधी मूठभर माती आनली नाई. देवी तं दोघायची एकच हाये."

एक पंच दिराच्याच वयाचा, भावकीतला. तो हसू दाबत म्हणाला, "कोर्टात देवीले पार्टी कराचं राह्यलं तुनं."

दीर माझ्याकडे वळला. "साहेब, तुमीच सांगा आता."

मला बाईची दया येत होती, पण वॉरंट थांबवायचा अधिकार बेलिफाला नसतो. मी म्हणालो, "ताबा हवा असेल तर घट कुठे ठेवायचा ते दाखवा. आज नको असेल तर तसं लिहून द्या. तिसरं काही माझ्या हातात नाही."

तो कोपऱ्यात गेला, वाकला, पत्रावळीखाली दोन्ही हात घातले. गव्हाचे अंकुर हलले तसे त्याने हात काढून घेतले.

"आना कागद," तो म्हणाला.

सामान पुन्हा आत गेलं. ते मी यादीवरून तपासून घेतलं. बाईने तांब्या पुढे केला, मी बाटली दाखवली.

"म्हातारीच्या पान्यात काय विख हाये?"

"तसं नाही, आई. नोकरी आहे."

दसरा झाल्यावर नवं वॉरंट निघालं. गेलो तेव्हा खोली सारवून रिकामी केलेली होती. दिराच्या टोपीत घटातले पिवळे अंकुर अजून खोचलेले होते. मी पुन्हा टेप लावली, बाईकडून किल्ली घेऊन त्याला दिली, ताबा मिळाल्याची सही घेतली. माझं काम तिथे संपलं. तो मात्र त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"वैनी, घटाची माती कुठून आनत होत्या तुमी?"

"वारुळाची. तुमच्या बायकोले दाखवून देईन."

"तिले नाई जमनार. पुढल्या साली तुमीच या."

"पावनी म्हनून?"

 त्याने किल्ली तिच्यापुढे धरली. "नाई. हे तुमच्यापाशीच राहू द्या."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी कागद पिशवीत घालत होतो. ताबा देऊन झाला होता, मालकाने आपली किल्ली कोणाला द्यावी हे वॉरंटात नसतं.

तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली. एसटी यायला अवकाश होता. फाट्यावर आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो, आणि तिने पुन्हा तांब्या पुढे केला तेव्हा मी पाणी प्यालो.