घुमणारा शब्द

ताईच्या मते तिच्या धाकट्या भावाच्या वाट्याला अक्कल कमी आणि घसा जास्त आला होता. करारनामे लिहून देणं हा त्याचा धंदा. प्रत्येक करार तो ‘व्हेअरॲज’ या इंग्रजी शब्दानं सुरू करायचा, म्हणून कचेरीच्या गल्लीत सगळे त्याला व्हेअरॲजच म्हणत. कुणी तशी हाक मारली, की नाटकाचा पडदा वर गेल्यासारखा तो मान वळवायचा.

त्याची कामाची रीत पाहण्यासारखी होती. दोन सारख्या इंग्रजी शब्दांपैकी कुठला घालायचा असा पेच पडला, की तो खुर्चीतून उठायचा, शर्ट खाली ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करून दोन्ही शब्द खणखणीत म्हणायचा. जो जास्त घुमेल तो करारात. ‘एंड’पेक्षा ‘टर्मिनेट’ बरा, ‘गिव्ह’पेक्षा ‘कन्व्हे’ बरा. अर्थाचं काय, तो वकिलांनी बघावा. गिऱ्हाइकं मात्र खूश. आपल्या टीचभर दुकानाचा कागद असा गरजतोय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

ताई कपडे शिवायची. रस्त्यालगतची तिची खोली भाड्याची, पण उजेड असा की सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नसे. खोलीचा मालक बदलला, तेव्हा तिनं भावाला सांगितलं, “तीन वर्षं मला इथून कुणी हलवू नये, एवढं लिही. तुझी नाटकं नकोत.”

त्यानं शर्ट खाली ओढला. “लीज,” तो भिंतीला म्हणाला आणि तोंड वाकडं केलं. “हॅ. चिमणी शिंकल्यासारखं वाटतं.” मग छाती भरून, “लायसन्स. बघ ताई, कसं तोंड भरून येतं.”

“दोन्हीचा अर्थ एकच ना?”

“अगं, सख्खी भावंडं ती.”

“आपल्यासारखी?” म्हणत ताईनं सही केली. पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो या सहीचा.

कारण ती भावंडं नव्हतीच. लीज म्हणजे मुदत संपेपर्यंत जागेवर हक्क. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, पाहुण्याला ‘बसा’ म्हटल्यासारखी. शिवाय त्या शब्दापाठोपाठ व्हेअरॲजनं लायसन्सचा तयार नमुनाच उतरवला होता. मालकानं महिनाभर आधी सांगितलं की खोली सोडायची, हे कलम त्यात होतं. तेही त्यानं उभं राहून वाचून दाखवलं होतं. इंग्रजीत, आणि फार सुंदर.

वर्ष उलटायच्या आत मालक दारात आला. “बाई, जागा जावयाला हवी. महिन्याभरात दुसरीकडे बघा.”

“तीन वर्षं ठरलंय आपलं.”

“ठरलं असेल. लिहिलंय वेगळं, आणि तुमच्याच भावानं.” तो हसला नाही, एवढं त्याचं सौजन्य.

ताईनं कागद भावापुढे टाकला. त्यानं तो दोनदा वाचला, मनातल्या मनात. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादं कलम बसून वाचत होता.

“शब्द तसा चांगला आहे, ताई,” तो अखेर पुटपुटला.

“आहेच. खोली मालकाला गेली, शब्द मला राहिला. आता त्यावर मशीन ठेवते.”

महिना भरला त्या दिवशी तो न बोलावता आला, शिलाई मशीन एकट्यानं उचललं आणि धापा टाकत आपल्या कचेरीत नेऊन खिडकीपाशी मांडलं. खिडकी तिथं एकच होती, आणि आजवर तिच्यासमोर त्याची खुर्ची असे.

ताईनं जागा न्याहाळली. उजेड बरा होता. भाऊ घाम पुसत उभा होता, आणि सवयीनं त्याचा हात शर्टाकडे गेला.

“ताई, आपल्यातही कागद असलेला बरा. तुला इथं काय म्हणू? ऑक्युपंट की...”

“काही म्हणू नकोस,” ताई म्हणाली. “उजेड अडतोय. सरक.”